पुस्तकातून शिकलेला बास्केटबॉल शिकवावा का?

पत्राचा आशय: कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या ४३ वर्षांच्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. शाळेचे मैदान रोज संध्याकाळी मुलांच्या फुटबॉलला जाते, म्हणून आठवी-नववीच्या बारा मुलींनी मुख्याध्यापकांकडे बास्केटबॉलची मागणी केली. इमारतीमागे दोन रिंगांचे जुने कोर्ट आहे, पण त्यावर आजवर शिक्षकांच्या स्कूटरच उभ्या राहत आल्या. क्रीडाशिक्षकांना वेळ नाही आणि मुलींचे या बाईंशी चांगले जमते, एवढ्या कारणाने जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांनी तोवर बास्केटबॉल हातातही धरला नव्हता. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी नवशिक्यांसाठीची एक इंग्रजी मार्गदर्शिका आणली, ती दोनदा वाचली, आकृत्यांसह वहीत उतरवून काढली आणि गेले तीन रविवार पहाटे एकटीने सराव केला. ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू हाताने जमिनीवर आपटत नेणे, या दुसऱ्याच प्रकरणात त्या अडकल्या आहेत, कारण चेंडू पायावर आपटून पळतो. त्यांचा मुलगा म्हणतो, पुस्तक बाजूला ठेव आणि मोबाइलवर बघ. ओळखीचे एक प्रशिक्षक म्हणतात, खेळ पुस्तकातून येत नसतो. आपल्याला पूर्ण येईपर्यंत मुलींना थांबवावे, येईल तसे शिकवावे, की मुख्याध्यापकांना सरळ नाही म्हणावे, असे त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रातील एका वाक्याशी मी बराच वेळ थांबलो. “मला स्वतःला येत नाही ते मी मुलींना कोणत्या तोंडाने शिकवू?” असे तुम्ही लिहिले आहे. वाक्य प्रामाणिक आहे, पण खेळता येणे आणि खेळ शिकवता येणे या दोन गोष्टी त्यात एकाच दाव्याला बांधल्या गेल्या आहेत. वर्गात तुम्ही कित्येक वर्षे ओवी शिकवत आहात आणि स्वतःला ओवी रचता येत नाही म्हणून तुम्ही कधी तास सोडला नसेल. पहिल्या तीन चरणांचे यमक कसे जुळते, आखूड चौथ्या चरणावर आवाज कसा उतरतो आणि नव्याने वाचणारे मूल नेमके कोठे अडखळते, हे तुमच्या कानाला कळते आणि तुम्ही त्या कानाच्या जोरावर शिकवता. कोर्टवर त्या कानाच्या जागी डोळा लागतो. कोपर बाहेर गेले, पाय उचलला गेला, नजर खाली पडली, हे ज्याला दिसते त्याला सांगता येते, आणि असा डोळा तयार करण्याच्या कामी चांगली मार्गदर्शिका खरोखर उपयोगी पडते. तुम्ही तिच्याकडून हात आणि पाय मागत आहात, आणि ते तिच्याकडे नाहीत.

तालमीचे उदाहरण देऊन येथे मला कोणीही अडवू शकेल. आखाड्याच्या कडेला बसून दोनच शब्दांत चूक सांगणारा वस्ताद एके काळी लाल मातीत लोळलेला असतो, वाचून कोणी वस्ताद झाल्याचे कोल्हापूरला ठाऊक नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच तुमचे तीन रविवार मला वाया गेलेले वाटत नाहीत. चेंडू निसटण्याच्या भीतीने मान कशी आपोआप खाली जाते आणि खांदे कसे आवळतात, हे आज तुम्हाला जितके ताजे ठाऊक आहे तितके वीस वर्षे खेळलेल्या माणसाला आठवत नाही. मी वसतिगृहाच्या कोर्टवर पाहून पाहून शिकलो आणि पुढे शेजारच्या मुलांना शिकवायला उभा राहिलो, तेव्हा “अरे, सहज सोड की” याखेरीज माझ्या तोंडून काही निघेना. मला येत होते, पण काय येत होते ते मला माहीत नव्हते.

आता “खेळ पुस्तकातून येत नसतो” या विधानाकडे वळू. इतर कोणत्या खेळाबद्दल ते म्हटले असते तर मी गप्प राहिलो असतो, पण बास्केटबॉल हा खेळ कागदावरच जन्माला आला आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडे हिवाळ्यात व्यायामशाळेच्या आत कोंडलेला आणि कवायतीला कंटाळलेला १८ विद्यार्थ्यांचा वर्ग होता. त्यांनी १३ नियम लिहून फलकावर लावले, सज्जाच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि फुटबॉल घेऊन ९ विरुद्ध ९ असा सामना लावला. तो सामना खेळणाऱ्या एकाही माणसाने तो खेळ आधी पाहिलेला नव्हता, आणि सबंध सामन्यात एकच गोल झाला. तुमच्याशी अधिक जवळचे उदाहरण सेंडा बेरेन्सन यांचे आहे. जवळच्याच स्मिथ कॉलेजात मुलींना व्यायाम शिकवणाऱ्या या बाईंनी नव्या खेळाविषयी छापून आलेले वाचले, १८९२ मध्ये तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवायला घेतला आणि १८९३ च्या मार्चमध्ये त्यांचा सामनाही भरवला. त्या व्यायामशिक्षिका होत्या आणि तुम्ही मराठीच्या आहात, हा फरक मी झाकत नाही. तरीही वाचून शिकवायला उभे राहिल्याने खेळाचा अपमान होतो, ही समजूत निदान या खेळाच्या बाबतीत टिकत नाही.

त्या १३ नियमांत तुमच्या अडचणीचा एक धागाही आहे. चेंडू हातात असलेल्या खेळाडूला त्यात पळण्याची मुभा नव्हती, त्याने झेलल्या जागेवरून चेंडू पुढे द्यायचा होता. ड्रिबलिंग नंतर आले. पुस्तकात ते दुसऱ्या प्रकरणात आहे म्हणून ते पक्के झाल्याशिवाय तिसरे प्रकरण उघडायचे नाही, हा दंडक तुम्ही स्वतःवर घालून घेतला आहे. व्याकरणाच्या पुस्तकात वर्णविचार आधी येतो, म्हणून मूल वर्णविचार संपवून मग बोलायला लागते असे होत नाही. मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला प्रकरणे कोणत्या तरी क्रमाने लावावीच लागतात. बारा मुली आणि एक नवशिकी शिक्षिका असताना मी झेलणे, थांबणे, पायावर वळणे आणि पास देणे या चार गोष्टींपासून सुरुवात केली असती, कारण त्यात पहिल्याच दिवशी सगळ्यांचा हात चेंडूला लागतो आणि कोणी एकटीने सर्वांसमोर फजीत होत नाही. ड्रिबल रोज दहा मिनिटे बाजूने चालू द्या, ते महिनाभराने आपोआप जमू लागेल.

तरीही ड्रिबलविषयी थोडे सांगतो, कारण तुमच्या वर्णनावरून चूक मला जवळजवळ दिसते आहे. आधी चेंडूवर छापलेला आकडा पाहा. तो शाळेच्या कपाटातील पुरुषांचा ७ क्रमांकाचा असेल, तर त्याचा परीघ ७५ सेंटिमीटरच्या वर आणि वजन ६०० ग्रॅमच्या आसपास भरते. मुलींसाठी आणि तुमच्यासाठीही ६ क्रमांकाचा चेंडू योग्य आहे, ज्याचा परीघ साधारण ७२ सेंटिमीटर आणि वजन ५१० ते ५५० ग्रॅम असते. त्यात हवा पुरेशी आहे का हे पाहण्यासाठी खांद्याच्या उंचीवरून तो नुसता सोडा. उसळून साधारण कमरेपर्यंत आला तर ठीक आहे. चेंडू पायावर आपटतो याचा अर्थ तुम्ही तो दोन्ही पायांच्या मधोमध, अंगासमोर आपटत आहात. उजव्या हाताने ड्रिबल करताना डावा पाय थोडा पुढे ठेवा आणि चेंडू उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाला, पंजापासून वीतभर दूर पडू द्या. थापटू नका. थापटताना तळहाताचा आवाज येतो आणि तो आवाज आला की चूक झाली असे समजा. बोटे पसरून त्यांच्या पेरांनी चेंडू खाली ढकलायचा आणि तो वर येताना हाताने त्याला क्षणभर सोबत करायची, तळहाताचा मधला खळगा कोरडाच राहिला पाहिजे. खडूची भुकटी हाताला लावून दहा वेळा ड्रिबल करा आणि चेंडूवर ठसे कशाचे उठले ते पाहा, म्हणजे पुस्तकातील अर्धे पान तुम्हाला तेथेच वाचायला मिळेल. नजर वर राहण्यासाठी एका मुलीला समोर उभी करून बोटे दाखवायला सांगा, ड्रिबल करणारीने ती मोजून मोठ्याने बोलायची. सुरुवातीला चेंडू निसटेल. तो निसटू द्या.

पुस्तक वापरण्याची पद्धत मात्र तुम्ही बदलावी असे मला वाटते. सबंध वही घेऊन कोर्टवर गेलात तर चार सूचना एकाच वेळी डोक्यात घोळतात आणि एकही अंगात उतरत नाही. आठवड्याला एकच पान निवडा, त्यातील तीनच ओळी एका पुठ्ठ्यावर लिहा, आणि त्या मराठीत लिहा. येथे तुमच्याकडे असे भांडवल आहे जे पुष्कळ प्रशिक्षकांकडे नसते. इंग्रजी सूचनांचे शब्दशः मराठी केले की ते सरकारी परिपत्रकासारखे होते, पण तुम्हाला त्यासाठी मुलींच्या तोंडचे शब्द शोधता येतील. शॉट सोडल्यानंतर हात वरच ठेवायचा आणि मनगट पुढे वाकून सैल पडू द्यायचे, ही सूचना मी वर्षानुवर्षे हातवारे करून सांगत असे. एकदा राधानगरीकडच्या एका मुलीने आपल्या मैत्रिणीला ती “भरलेल्या भाताच्या लोंबीगत मनगट” अशी समजावली आणि मैत्रिणीचा पुढचाच शॉट बदलला. पिव्होटसाठी मी जात्याचा खुंटा हा शब्द वापरतो. एक पाय खुंट्यासारखा रोवलेला असतो आणि दुसरा त्याच्याभोवती हवा तितका फिरतो. चेंडू झेलताना दोन्ही पाय जमिनीवर असतील तर जो पाय आधी उचलला त्याचा दुसरा पाय खुंटा ठरतो, आणि ड्रिबल सुरू करताना चेंडू हातातून सुटण्याआधी तो खुंटा उचलला तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे पावलांचा नियमभंग, होतो. खडूने जमिनीवर पावलाएवढे वर्तुळ काढून पंजा त्यात ठेवायला सांगितलेत तर नियम वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

मुलाचा सल्ला टाकाऊ नाही. ले-अपची (पळत रिंगजवळ जाऊन चेंडू टाकण्याची) पावले किंवा बचावातील सरकती चाल पुस्तकातील चार स्थिर चित्रांतून उलगडत नाही, त्यासाठी व्हिडिओ जरूर पाहा. पण व्हिडिओ पाहताना आपल्याला समजल्याचा भास फार लवकर होतो आणि एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो. पुस्तकातील पान जागेवर थांबते, ते घेऊन कोर्टवर जाता येते आणि चूक झाल्यावर त्याच ओळीकडे परत येता येते. आधी पान, मग त्याच कृतीचा एकच व्हिडिओ, मग चेंडू, असा क्रम ठेवला तर घरातील वादही मिटेल. समोर हात पसरून कोणी उभे असताना पास कधी सोडावा, हे मात्र दोघांतूनही कळत नाही. त्यासाठी समोर खरीच मुलगी उभी करावी लागते.

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेल्या मार्गदर्शिकेचे वय तपासणेही आवश्यक आहे. त्यात २० मिनिटांचे दोन डाव आणि शॉटसाठी ३० सेकंद असे लिहिले असेल तर पुस्तक २००० पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे आहे. तेव्हापासून १० मिनिटांचे चार भाग आणि २४ सेकंद असा नियम आहे. रिंगखालचा भाग आकृतीत समलंब चौकोनासारखा, खाली रुंद होत जाणारा दाखवला असेल आणि तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवर असेल, तर ते २०१० पूर्वीचे आहे. आता तो भाग आयताकृती आणि ती रेषा ६.७५ मीटरवर असते. पळताना चेंडू हातात घेतल्यावर किती पावले मोजायची याचा नियमही २०१७ मध्ये बदलला. पुस्तक जुने निघाले तरी फेकून देऊ नका, नियमांच्या प्रकरणावर पेन्सिलीने फुली मारा आणि बाकीचे वापरा. गुडघे वाकवून उभे राहण्याची रीत आणि छातीपासून सरळ सोडायचा पास २००० साली बदलला नाही, २०१० सालीही नाही.

शॉटबद्दल मी आवरतेच घेतो, कारण मुली त्याकडे न सांगता धावतील. पहिले काही आठवडे त्यांना ४.६ मीटरवरच्या फ्री-थ्रो रेषेवर उभे करू नका. तेथून चेंडू पोहोचवण्यासाठी मुली तो कमरेपासून दोन्ही हातांनी भिरकावतात आणि तीच सवय हाडीमासी खिळते. माझे कोपर अशाच घाईत बाहेर गेले ते कॉलेज संपेपर्यंत आत आले नाही. रिंगपासून दीड मीटरवर, थोडे बाजूला उभे करून रिंगमागच्या बोर्डवरच्या चौकोनाच्या जवळच्या वरच्या कोपऱ्यावर चेंडू टेकवायला सांगा. रिंग लहान वाटते म्हणून ज्या मुली घाबरतात त्यांना मोजपट्टी दाखवा. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर आणि ६ क्रमांकाच्या चेंडूचा व्यास सुमारे २३, म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवले तर थोडक्यात अडतील एवढी ती मोठी आहे. रिंगची उंची आपल्या कोर्टवर खरोखर ३.०५ मीटर आहे का, हेही एकदा शिडी लावून मोजा, कारण जुन्या कोर्टांवर भराव पडून ती कमी-जास्त झालेली असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. मुलींना थांबवू नका आणि त्यांच्यापासून लपवूही नका. पहिल्याच दिवशी पुस्तक आणि वही दोन्ही कोर्टच्या कठड्यावर ठेवा, आपण एक पान पुढे आहोत आणि तेवढेच पुढे आहोत, असे स्पष्ट सांगा. दर आठवड्याला एका मुलीने पुठ्ठ्यावरच्या तीन ओळी वाचायच्या, जिला आधी जमेल तिने करून दाखवायचे आणि तुम्ही बाजूला उभे राहून फक्त त्या तीन गोष्टी पाहायच्या. मुली हसतील अशी भीती तुम्हाला वाटत असेल. तेरा-चौदा वर्षांच्या मुली हसणारच, पण शिकवणाऱ्या बाईंचा चेंडू पळाला म्हणून हसणे आणि बाई आव आणतात म्हणून हसणे यांतला फरक तुम्हाला वर्गात रोज कळत असेल. एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळा. अंगाला अंग भिडवून बचाव करणे किंवा रिबाउंडसाठी (हुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू मिळवण्यासाठी) जागा अडवणे असा भाग पुस्तकावरून घेऊ नका, त्यासाठी महिन्यातून दोनदा तरी खेळलेली व्यक्ती बोलवा. गावात महाविद्यालयीन संघांतून खेळून नोकरीला लागलेल्या मुली सापडतात, आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारल्यास शालेय स्पर्धांसाठी संघ घडवणाऱ्या शिक्षकांची ओळख निघू शकते. “खेळ पुस्तकातून येत नसतो” म्हणणाऱ्या तुमच्या ओळखीच्या प्रशिक्षकांनाच पहिले आमंत्रण द्यावे असे मला वाटते.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात, तेव्हा तुमच्या बहुतेक मुलींना १७ वर्षांखालील गटात मोठ्या मुलींसमोर उतरावे लागेल. यंदा तो आग्रह धरू नये. बारा मुलींचे तीन-तीनचे चार संघ करा आणि एकाच रिंगवर १० मिनिटांचे किंवा २१ गुणांचे सामने खेळवा. हा प्रकार टोकियोपासून ऑलिम्पिकमध्येही आहे, त्यामुळे त्याला कोणी लुटुपुटीचा खेळ म्हणू शकणार नाही. शिवाय अर्ध्या कोर्टावर भागत असल्याने उरलेल्या अर्ध्यात काही दिवस स्कूटर राहिल्या तरी चालेल, हा व्यवहार मुख्याध्यापकांच्या गळी उतरवणे तुलनेने सोपे आहे.

मुख्याध्यापकांना नाही म्हणण्याचा पर्याय तुमच्याकडे आहे आणि तो वापरल्यास तुम्हाला कोणी दोष देऊ नये. पण बारा मुलींनी स्वतःहून मागितलेली गोष्ट आहे, आणि ज्या गावात संध्याकाळ झाली की पेठापेठांतून फुटबॉलचीच चर्चा चालते तेथे ती मागायला थोडे धैर्य लागले असणार. म्हणून हो म्हणा, परंतु अटी घालून म्हणा: ६ क्रमांकाचे निदान चार रबरी चेंडू (चामडी चेंडू सिमेंटवर फार टिकत नाहीत), आठवड्याचे तीन निश्चित तास आणि सरावाच्या वेळी उपस्थित राहणारी दुसरी मोठी व्यक्ती. सरावाआधी नखे कापलेली आणि बांगड्या व कानातले काढलेले असावे, पायात चपला नसाव्यात. उडी मारल्यावर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायचे हे पहिल्या दिवसापासून सांगा, कारण या वयात मुलींचे गुडघे चुकीच्या उतरण्याने दुखावतात आणि ती दुखापत लांबते. जून ते सप्टेंबर तुमच्या कोर्टवर शेवाळ धरणारच. तेव्हा वऱ्हांड्यात भिंतीवर पास मारण्याचा सराव घ्या, तीन मीटर अंतरावरून शंभर चेस्ट (छातीपासूनचे) पास आणि शंभर बाउन्स (टप्प्याचे) पास. बाउन्स पासमध्ये चेंडू अंतराच्या दोन तृतीयांशावर जमिनीला टेकतो, त्या जागी खडूची रेघ ओढून ठेवा.

पुढच्या रविवारी एकट्या जाऊ नका, मुलींनाही बोलवा, आणि पहिल्या आठवड्यासाठी पिव्होटचे पान निवडा. तुमच्या वहीत ते बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकरणात असेल.